प्रत्येक गाठ दुधाची नसते : बाळंतपण आणि स्तनाचा कर्करोग



या अंकी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहावयाचे ठरले होते. ते पुढील अंकी देऊ. ऊस विकास अधिकाऱ्याने ऊस सोडून बायकांच्या आजारावर लेखणी कशाला चालवावी, असे काही सभासदांना वाटेल. आम्ही डॉक्टर नाही, शेतकी पदविकेवर नोकरी करणारी माणसे आहोत, हे आधीच सांगून टाकतो. पण लागणीच्या नोंदी घेत वाडेगाव, पारस, उरळ, हातरुण या बाजूला फिरताना लोक आमच्याजवळ उसाखेरीज दुसरेही बोलतात. मागे महिला सभासदांच्या एका बैठकीत माती परीक्षणाचे सांगून झाल्यावर एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, मले तीन लेकरं झाली, तिन्ही अंगावर पाजली. मंग मले थानाच्या कॅन्सरचं भेव नाही ना?” बाकीच्या हसल्या. कुणी म्हणाले, साहेबाले काय इचारते. आम्हीही त्या वेळी विषय टाळला नाही, पण उत्तर नीट वाचून देऊ असे सांगून वेळ मागून घेतली. ते उत्तर आता देत आहोत.

उत्तर असे की, बाईचे म्हणणे अर्धे खरे आहे. मूल होणे आणि त्याला अंगावर पाजणे यामुळे पुढच्या आयुष्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे जगभर तपासून झालेले आहे. पण बाळंतपणानंतरची पहिली काही वर्षे याला अपवाद आहेत. त्या वर्षांत धोका कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. आणि नेमक्या त्याच वर्षांत थानात गाठ लागली तर घरातली सगळी माणसे म्हणतात, दुधाची गाठ आहे, जिरेल.

आमच्या माहितीतल्या एका सभासदाच्या सुनेचे असेच झाले. वय एकतीस, दुसरे बाळंतपण, मूल सहा महिन्यांचे. उजव्या थानात सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. सासूने शेक दिला, हळदीचा लेप लावला. एका डॉक्टरला दाखवले, त्यानेही हात न लावताच दुधाची गाठ म्हणून गोळ्या लिहून दिल्या. पुढे तोडणी सुरू झाली, घरात माणसांची ये-जा, फडावर जेवणे पोचवायची, दाखवायचे राहून गेले. मूल दूध सोडून भाकरी खाऊ लागले तरी गाठ जागची हलली नाही, तेव्हा घरचे घाबरले. पहिल्यांदा गाठ लागल्यापासून सुई टोचून तपासणी होईपर्यंत आठ महिने गेले होते आणि रोग काखेत उतरला होता. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, बाई आज घरी आहे आणि बरी आहे. पण सुपारीएवढ्या गाठीला जे उपचार लागले असते आणि आठ महिन्यांनी जे लागले, त्यात फार अंतर आहे. पैशाचेही आणि अंगावर निघालेल्या हालाचेही.

आता मूल होण्याचा आणि या रोगाचा संबंध काय, ते पाहू. हा संबंध लोकांच्या लक्षात फार पूर्वी आला. इटलीत रामाझिनी नावाचा वैद्य होऊन गेला. कोणत्या धंद्यात कोणते आजार होतात हे त्याने प्रथम नीट लिहून काढले. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने असे नोंदवले की, मठात राहणाऱ्या अविवाहित जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो. कारण त्याला सांगता आले नाही.

पुढे १९७० साली हार्वर्ड विद्यापीठातील ब्रायन मॅकमॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो, अथेन्स, बोस्टन, साओ पावलो अशा जगातल्या सात ठिकाणच्या हजारो बायकांची माहिती एकत्र केली. त्यांना असे आढळले की, किती मुले झाली यापेक्षा पहिले मूल कितव्या वर्षी झाले याला महत्त्व जास्त आहे. पहिले मूल अठराच्या आत झालेल्या बाईला जितका धोका, त्याच्या सुमारे तिप्पट धोका पस्तिशीनंतर पहिले मूल झालेल्या बाईला. हा आकडा वाचून कुणी घाईने अनुमान काढू नये. त्याचे पुढे बोलू.

आपल्या महाराष्ट्रातही याचे दोन बोलके पुरावे आहेत. एक मुंबईचा. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाच्या रुग्णांची नोंदणी चालते. तिच्यात सुरुवातीपासून दिसून आले की, पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा बराच जास्त. त्या समाजात लग्ने उशिरा होत, मुले एक-दोन, आणि अविवाहित राहणाऱ्या बायकाही पुष्कळ. दुसरा पुरावा बार्शीचा, आणि आम्हा खेड्यात फिरणाऱ्यांना तो जास्त जवळचा वाटतो. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. खेड्यातला रोगी आपण होऊन दवाखान्यात येत नाही, तेव्हा तिथली माणसे गावोगाव जाऊन, पारावर बसून, कुणाला रक्त जाते का, कुणाला गाठ आहे का असे विचारीत फिरली. आपले शेतकी मदतनीस लागणीच्या नोंदीला फिरतात, तसेच. भूम-परांड्याची पुष्कळ माणसे दर साल कोयता घेऊन तोडणीला बाहेर पडतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

बार्शीच्या त्या पहिल्या वर्षांच्या नोंदीत काय निघाले? बायकांत सगळ्यात जास्त कर्करोग गर्भाशयाच्या तोंडाचा, आणि स्तनाचा त्याच्या बराच मागे. मुंबईच्या तुलनेत बार्शीकडे स्तनाचा कर्करोग निम्म्याहूनही कमी. लवकर लग्न, लवकर मूल, चार-पाच बाळंतपणे आणि प्रत्येक मूल दोन-दोन वर्षे अंगावर. याच राहणीने एका रोगाला आवर घातला आणि दुसऱ्याला वाट करून दिली. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एका विषाणूपासून होतो, आणि कोवळ्या वयातले लग्न व जास्त बाळंतपणे यांनी त्याचा धोका वाढतो. म्हणजे खेड्यातली बाई कर्करोगातून सुटली होती असे नाही, तिचा कर्करोग वेगळा होता इतकेच.

आता काळ बदलला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका बाईला सरासरी होणारी मुले १९९२-९३ साली २.९ होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. मुली शिकतात, लग्ने पुढे गेली, मुलांची संख्या दोनवर थांबली. ही सगळी चांगलीच गोष्ट आहे. पण याबरोबर स्तनाचा कर्करोग खेड्यात यायला लागला. देशात बायकांच्या कर्करोगात आज तो पहिल्या नंबरवर आहे. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्याने झाला आणि ९८ हजार त्याने दगावल्या. या दोन आकड्यांकडे शेजारी-शेजारी पाहावे. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण याहून पुष्कळ बरे आहे, आणि त्याचे एक मोठे कारण तिकडे गाठ लहान असताना सापडते.

मूल झाल्याने अंगात असे काय घडते? उसाला आपण संजीवके फवारतो तेव्हा थेंबभर औषधाने फुटवा वाढतो, कांडी लांबते, हे सभासद जाणतात. माणसाच्या अंगातही अशी द्रव्ये आपोआप तयार होतात. त्यांना संप्रेरके म्हणतात, डॉक्टर हार्मोन म्हणतात. मुलगी वयात येते तेव्हा अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक सुटते आणि थानात दुधाच्या नळ्यांचे जाळे पसरू लागते. दर महिन्याच्या पाळीला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वरखाली होतात, आणि त्याबरोबर त्या नळ्यांतल्या पेशी थोड्या वाढतात, थोड्या मरतात. गर्भ राहिला की अंडाशयाच्या जोडीला वार कामाला लागते. ही दोन्ही संप्रेरके नेहमीच्या कितीतरी पट वाढतात, दूध तयार करणारे प्रोलॅक्टिनही वाढते, आणि नळ्यांच्या टोकाला द्राक्षाच्या घोसासारख्या दूधग्रंथी भरतात. गाय गाभण राहिली की कास कशी भरत जाते ते आपण रोज पाहतो. वासरू ढुशी देते आणि गाय पान्हा सोडते, तेही ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचेच काम.

आता फायदा कुठून येतो ते आमच्या पद्धतीने सांगतो. उसात खोडकीड केव्हा लागते? लागणीपासून कांडी धरेपर्यंत. कोंब कोवळा असतो तोवर अळी आत शिरून पोंगा वाळवते. एकदा कांडी धरली की त्या किडीचे फारसे चालत नाही. थानातल्या पेशींचे पुष्कळसे असेच आहे. पहिले गरोदरपण पूर्ण होईपर्यंत त्यातल्या पुष्कळ पेशी कोवळ्या, वाटेल तशा वाढू शकणाऱ्या असतात, आणि बिघाड अशाच पेशींत लवकर शिरतो. पूर्ण दिवसांचे गरोदरपण झाले की त्या पेशी दूध करण्याच्या कामाला लागून पक्क्या होतात. मग त्यांची वाढ मंदावते, आणि झालेला बिघाड दुरुस्त करण्याची ताकदही त्यांच्यात जास्त असते. अमेरिकेत होजे आणि इर्मा रुसो या संशोधक दांपत्याने हे उंदरांवर दाखवले. डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांतल्या लाखो बायकांच्या नोंदी तपासून २०१८ साली आणखी एक बारीक गोष्ट पुढे आली. गरोदरपण ३४ आठवडे पार करून गेले तर पुढच्या आयुष्यात धोका कमी होतो. ३३ आठवड्यांपर्यंतच्या गरोदरपणाने तसा फरक पडत नाही. म्हणजे कांडी धरण्याची वेळ तिथे कुठेतरी असावी. ते नेमके कसे होते, यावर अजून अभ्यास चालू आहे.

आणि तोटा कुठून येतो? वावरात युरिया टाकला तर तो पिकालाही मिळतो आणि तणालाही. थानात आधीच एखादी पेशी बिघडून बसली असेल, तर गरोदरपणातली भरमसाट संप्रेरके तिलाही खत पुरवतात. शिवाय मुलाने दूध सोडल्यावर भरलेल्या ग्रंथी आटतात, फड तुटून गेल्यावर वावर साफ करावे तशी आतली साफसफाई होते. त्या वेळचे आतले वातावरण जखम भरून येताना असते तसे असते, आणि बिघडलेल्या पेशीला ते मानवते, असे तज्ज्ञांचे मत आहे.

हा धोका किती? २०१९ साली १५ मोठ्या अभ्यासांतल्या ८ लाख ८९ हजार बायकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. त्यात असे निघाले की, मूल न झालेल्या त्याच वयाच्या बाईपेक्षा मूल झालेल्या बाईला बाळंतपणानंतर सुमारे पाच वर्षांनी हा धोका सर्वात जास्त, जवळपास पावणेदोन पट असतो. नंतर तो हळूहळू उतरतो. सुमारे चोवीस वर्षांनी दोघी बरोबरीला येतात, आणि त्यापुढे मूल झालेली बाई फायद्यात राहते. पावणेदोन पट ऐकून कुणी घाबरू नये. तरुण वयात हा रोग मुळातच थोड्यांना होतो. त्याच अभ्यासात पन्नाशीपर्यंत हा रोग झाला तो, थोड्या वर्षांपूर्वी बाळंतपण झालेल्या शंभर बायकांत २.२ जणींना आणि मूल न झालेल्या शंभर बायकांत १.९ जणींना. फरक एवढाच. मात्र पहिले मूल उशिरा झालेल्यांत तो जास्त, आणि आई-बहिणीला हा रोग झालेल्यांतही जास्त. यातल्या बहुतेक बायका परदेशातल्या होत्या, तेव्हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. पण बाईचे अंग तिकडचे आणि इकडचे एकच.

संप्रेरकांचा आणि या रोगाचा संबंध प्रथम सिद्ध करणाऱ्या डॉक्टरला सुगावा लागला तो गोठ्यातून. हा किस्सा आम्हाला फार आवडला. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जॉर्ज बीटसन नावाचे शल्यविशारद होते. तरुणपणी त्यांनी दूध उतरण्याच्या क्रियेवर प्रबंध लिहिला होता. त्या वेळी त्यांना असे कळले की, काही देशांतले शेतकरी गाय व्याल्यावर तिची अंडाशये काढून टाकतात, म्हणजे ती पुष्कळ दिवस दूध देत राहते. बीटसन यांनी विचार केला की, अंडाशय कुठे आणि कास कुठे, मधे काही मज्जातंतूचा धागा नाही, तरी एकाचा दुसऱ्यावर ताबा आहे. १८९५ साली त्यांच्याकडे ३३ वर्षांची बाई आली. स्तनाचा रोग इतका पसरला होता की काही करण्यासारखे नव्हते. त्यांनी तिची अंडाशये काढली आणि काही महिन्यांत गाठी विरून गेल्या. बाई आणखी सुमारे चार वर्षे जगली. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा हार्मोन हा शब्दही जन्माला आलेला नव्हता. आज पुष्कळ बायकांना टॅमॉक्सिफेन नावाची गोळी पाच-दहा वर्षे देतात, ती हेच काम शस्त्रक्रियेशिवाय करते. ती पेशीला इस्ट्रोजेन पोचू देत नाही.

यावरून कुणी पिशवी काढून टाकण्याकडे वळेल, म्हणून इथे थांबून सांगतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्य सरकारच्या समितीने चौकशी केली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या पुष्कळ जणी तिशी-चाळिशीच्या आतल्या. अशा बायकांना अनेकदा ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालण्यात येते. नुसते गर्भाशय काढल्याने स्तनाचा कर्करोग टळत नाही. बरोबर अंडाशयेही काढली तर तरुण वयातच हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे आजार मागे लागतात. आपली साखर ज्यांच्या कोयत्यावर उभी आहे, त्यांच्या बाबतीत हे घडले, तेव्हा साखर कारखान्याच्या पत्रिकेत ते नोंदलेले असावे असे आम्हाला वाटते.

गरोदरपणातले संप्रेरक औषध म्हणून वापरून पाहण्याचा एक प्रयत्न आपल्या मुंबईतही झाला. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक हजार स्त्रियांवर चाचणी घेतली. अर्ध्या जणींना शस्त्रक्रियेच्या आधी पाच ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन जातीचे एकच इंजेक्शन दिले. दिवस भरण्याआधी बाळंत होऊ नये म्हणून गर्भार बाईला देत आलेले हे जुने, स्वस्त औषध. २०११ साली निकाल जाहीर झाला. सगळ्या मिळून पाहता फरक दिसला नाही. मात्र ज्यांचा रोग काखेपर्यंत पोचला होता, त्यांत पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण शंभरात ५५ वरून ६५ वर गेले. हा फायदा एका गटापुरता दिसलेला असल्यामुळे तो सर्वत्र उपचार म्हणून रूढ झालेला नाही. तरी शे-दीडशे रुपयांच्या आत बसणाऱ्या औषधावर आपल्या माणसांनी इतके कष्ट घ्यावेत, याचे आम्हाला कौतुक वाटते.

आता अंगावर पाजण्याविषयी. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा मेळ घातला गेला. दर बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो, आणि एकूण पाजलेल्या दर वर्षामागे आणखी ४.३ टक्क्यांनी. आपल्याकडच्या बायका एकेक मूल दीड-दोन वर्षे पाजतात, ही मोठी जमेची बाजू आहे. डब्याचे दूध आणले म्हणजे सुधारलो असे हल्ली काही घरांत दिसते. ज्यांना दूध येते त्यांनी पाजावे, मुलाचेही भले आणि आईचेही. पण ७ टक्के, ४ टक्के म्हणजे विमा नव्हे. तीन मुले पाजलेल्या बाईलाही हा रोग होऊ शकतो, आणि होतो.

वर पहिले मूल अठराच्या आत असा आकडा दिला, त्यावर आता बोलू. पारावरचा कुणी तरी म्हणेल, पाहा, आपले जुने लोक शहाणे होते, पोरीचे लग्न लवकर उरकावे. हे अगदी चूक. आपल्या राज्यात २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. तेव्हा हा प्रश्न कागदावरचा नाही. अठराच्या आत मुलीचे लग्न हा कायद्याने गुन्हा आहे हे एक. दुसरे, कोवळ्या वयात बाळंतपण म्हणजे रक्त कमी, मूल कमी वजनाचे, आणि आईच्याच जिवाला धोका, तोही पंधरा-सोळाव्या वर्षी समोर उभा. तिसरे, गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला ते आमंत्रण, बार्शीने दाखवले तसे. चाळीस वर्षांनंतरचा थोडा धोका टाळायला आजचा एवढा मोठा धोका पत्करणे म्हणजे पुढच्या सालच्या हुमणीच्या भीतीने यंदाचे बेणेच जाळून टाकणे. मुलगी शिकून, पंचविशीच्या आसपास आई झाली तर तिचे काही बिघडत नाही.

आणखी दोन समजुती. गर्भपात झाला किंवा केला तर थानाचा कर्करोग होतो, असे काही जण सांगतात. २००४ साली १६ देशांतल्या ८३ हजार रुग्ण स्त्रियांची माहिती तपासून हे खोटे ठरले आहे. ज्या माउलीचे मूल पोटातच गेले, तिच्या मनावर हा आणखी एक दगड ठेवू नये. दुसरी शंका उसावर फवारायच्या संजीवकांची. वनस्पतीची संजीवके वेगळी आणि माणसाची संप्रेरके वेगळी, इकडची चावी तिकडच्या कुलपाला लागत नाही. फवारताना तोंडाला फडके बांधावे ते इतर कारणांनी बांधावेच.

आता मुख्य कामाचे. दुधाची गाठ आणि दुसरी गाठ ओळखायची कशी? खात्रीने ओळखणे डॉक्टरलाही नुसत्या हाताने जमत नाही, पण काही खुणा आहेत. दूध तुंबून झालेली गाठ दुखरी असते, मूल पाजल्यावर किंवा पिळून काढल्यावर लहान होते, एक-दोन दिवसांत जाते. थान पिकले तर ताप येतो, लाली येते, गाईला दगडी झाल्यावर कास तापते तसे तापते, आणि औषधाने आठवड्यात उतार पडतो. याउलट जी गाठ बहुधा दुखत नाही, खड्यासारखी टणक लागते, पाजण्याआधी आणि नंतर तेवढीच राहते, तिच्याकडे लक्ष द्यावे. वरच्या कातडीला खळी पडणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंडी नव्याने आत ओढली जाणे, बोंडीतून रक्त येणे, काखेत गाठ लागणे, या खुणा असल्या तर एक दिवसही थांबू नये. औषध घेऊनही न उतरणारी लाली हीसुद्धा वाईट खूण आहे. बाकी कोणतीही गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर ती तपासून घ्यावी. दुखत नाही म्हणून बाई सांगत नाही, आणि दुखत नाही हेच कित्येकदा काळजीचे असते.

तपासणीने मुलाला बाधा होईल अशी भीती घरात असते. सोनोग्राफी गर्भारपणीही करता येते आणि पाजत असतानाही. सुई घालून गाठीचा तुकडा काढतात, त्याने रोग पसरत नाही. गर्भार बाईला रोग निघाला तरी उपचार थांबत नाहीत. शस्त्रक्रिया करता येते, आणि चौथ्या महिन्यापासून पुढे काही औषधेही देता येतात. विजेचा शेक मात्र बाळंतपण होईपर्यंत पुढे ढकलतात. मूल पाडल्याने रोग बरा होत नाही.

यासाठी दर वेळी मोठे यंत्र पाहिजे असेही नाही. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार बायकांवर एक चाचणी चालवली. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने थाने तपासत. २०२१ साली निकाल आला. तपासलेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणूनच लेकुरवाळ्या बाईने तपासणीच्या फेरीची वाट पाहू नये. हाताला गाठ लागली की तिने आपण होऊन जावे.

तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड यांची तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रात फुकट व्हावी, अशी योजना आहे. गावच्या आशाताईला विचारावे. गाठ असेल तर बाळापूरला दाखवून अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय गाठावे. बाळापूर-अकोला पंचवीस-सव्वीस किलोमीटर, यष्टीने तासाभराचा रस्ता. पुढे लागलेच तर नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत या रोगाचे उपचार बसतात. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवावे, आणि उसाच्या पेमेंटची वाट पाहत तपासणी लांबवू नये.

तोडणीच्या टोळीतल्या बायकांचे मात्र अवघड आहे. लेकुरवाळ्या बायका पहाटे फडात उतरतात, मूल पाचटावर निजवून मोळ्या बांधतात, आणि सहा-सहा महिने गावच्या आशाताईची गाठ पडत नाही. ज्या सभासदाच्या फडात टोळी उतरली असेल त्याने घरातल्या बाईमाणसाकडून त्यांना हे सांगवावे. तोडणी जिथे चालू असेल तिथल्या उपकेंद्रातही त्यांना दाखवता येते, आपल्याच गावी जावे लागते असे नाही. मुकादमांना आमची विनंती आहे की, अशा कामासाठी बाईचा कोयता अर्धा दिवस थांबला तर त्या दिवसाचा खाडा धरू नये.